बालवयात परभाषा : फ्रेंचचे एक उदाहरण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशीम येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारिणीने आम्हांस आज ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे, तो विषय सूत्रसंचालकांनी उच्चारताच सभागृहातील कित्येकांच्या चेहऱ्यांवर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसले. ते साहजिकच आहे. ज्या गावी चार माणसे एकत्र जमली म्हणजे सोयाबीनचा भाव आणि एकबुर्जीच्या तलावातील पाणी यांखेरीज तिसरी गोष्ट सहसा निघत नाही, तेथे चौथ्या इयत्तेतील मुलांस फ्रेंच भाषा शिकवावी की काय, हा प्रश्न थट्टेचाच वाटावयाचा. परंतु हा प्रश्न आम्ही काढलेला नाही. मंडळाच्या शिक्षणनिधीतून सुटीच्या दिवशी मुलांसाठी फ्रेंचचा वर्ग चालवावा, अशी सूचना पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या आपल्याच काही सभासद कुटुंबांकडून आली आहे. त्यांची नातवंडे तेथील शाळांत ती भाषा शिकतात. गावाकडील भावंडांस ती संधी का नसावी, असे त्यांचे म्हणणे आहे. उलटपक्षी, गावातील पुष्कळ वडीलधाऱ्यांचे मत असे की, ज्या मुलास अजून शुद्ध मराठी बोलता येत नाही, त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे म्हणजे निधीचा अपव्यय होय. दोन्ही पक्षांत आमचे स्नेही आहेत. आम्ही तीसहून अधिक वर्षे या भागातील प्राथमिक शाळांत शिकविले आहे आणि उतारवयात हौसेने थोडेबहुत फ्रेंच शिकलो आहो, एवढ्याच अधिकाराने येथे उभे आहो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, फ्रेंच आपल्या प्राथमिक वर्गात अगदीच अपरिचित नाही. मीटर, लिटर, ग्रॅम हे शब्द तिसरीचा मुलगा गणिताच्या तासास घोकतो, ते फ्रान्सचे आहेत. राज्यक्रांतीनंतर १७९५ साली त्या देशाने ही मापे कायद्याने स्वीकारली, आणि आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने शेर आणि मण जाऊन ती आली. बाजारातील पायली अजून पुरती गेलेली नाही, हा भाग निराळा. त्याहीपूर्वी आपल्या बखरींतून व पत्रांतून 'फराशीस' भेटतात. महादजी शिंद्यांची कवायती फौज उभी करणारा द ब्वाञ हा मूळचा फ्रान्सच्या शेजारच्या सव्हॉय प्रांताचा, फ्रेंच बोलणारा. आणि लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात, पन्नाशी उलटल्यावर, पुस्तकांच्या आधारे फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा अभ्यास केला, हे तर सर्वश्रुतच आहे. या शेवटच्या गोष्टीवरून एक सर्वसामान्य समज तपासून पाहण्यासारखा आहे. भाषा लहानपणीच येते, मोठेपणी येत नाही, असे आपण म्हणतो. खरे पाहता व्याकरण प्रौढ माणूस लहान मुलापेक्षा लवकर आत्मसात करतो. मुलाची सरशी होते ती उच्चारात आणि निःसंकोचपणात. फ्रेंचमधील अनुनासिक स्वर आमच्या जिभेवर यावयास दोन पावसाळे गेले. मुलांस ते एका आठवड्यात आले.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. मागे एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या अनुमतीने आम्ही चौथीच्या मुलांबरोबर दर शनिवारी शेवटचा अर्धा तास, सुमारे पाच महिने, फ्रेंचचा खेळ मांडला होता. खेळ असेच म्हणावे लागेल. त्यास पुस्तक नव्हते, वही नव्हती आणि परीक्षा तर नव्हतीच. त्या अर्ध्या तासात जे पाहावयास मिळाले ते सविस्तर सांगण्याची परवानगी असावी, कारण पुढील सारा विचार त्यातूनच निघाला आहे.

पहिल्या शनिवारी नमस्काराचा शब्द झाला, 'बोंझूर'. वर्गात हशा पिकला. दुसऱ्या शनिवारी मुले शाळेच्या फाटकापाशीच तो शब्द घेऊन उभी होती. तिसऱ्या वेळी 'तू' आणि 'तुम्ही' यांचा विषय निघाला. इंग्रजीत या दोहोंस मिळून एकच शब्द. त्यामुळे गुरुजींस आणि कुत्र्यास एकाच शब्दाने संबोधावे लागते, याची आमच्या मुलांस नेहमीच गंमत वाटते. फ्रेंचमध्ये आपल्यासारखेच दोन शब्द आहेत, 'त्यू' आणि 'व्हू', हे ऐकताच मुलांस ती भाषा घरची वाटू लागली. मात्र तेथील मुले आजकाल बापासही 'तू' म्हणतात, असे सांगितल्यावर एका मुलाने डोळे विस्फारून विचारले, "बापाले 'तू' म्हन्ते? मंग मारत नाई का?" त्यावर मागील बाकावरचा दुसरा म्हणाला की, आमच्या घरी मायला आम्ही 'तू' म्हणतो, तिचा धाक काय कमी आहे? पुढची पंधरा मिनिटे वर्गात कोणाच्या घरी कोणास काय म्हणतात याचा ऊहापोह चालला. भाषेबरोबर संस्कृती शिकवावी असे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेले असते. ती अशी शिकविली जाते, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. परक्या घराचे दार उघडावयास गेले की आपल्या घराचेही दार आपोआप उघडते.

लिंगाची गोष्ट आणखी मौजेची. मराठीत तीन लिंगे, फ्रेंचमध्ये दोनच. सूर्य त्यांचाही पुरुष, पण चंद्र तेथे स्त्री. हे सांगितल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरली, आणि मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मामा नाई, मामी!" 'लहाना' आणि 'लहानी' असा विशेषणात होणारा फरक फ्रेंचमध्येही होतो, हे त्यांस एका वाक्यात समजले. इंग्रजी शिकताना जे मराठी व्याकरण निरुपयोगी म्हणून बाजूस ठेवावे लागते, ते येथे शिडीसारखे उपयोगी पडले.

आणि अंक! सत्तर या संख्येस फ्रेंच माणूस 'साठ-दहा' म्हणतो, ऐंशीस 'चार-वीस', आणि नव्वदास 'चार-वीस-दहा'. शहरातील शिकलेली माणसे हे ऐकून कपाळास हात लावतात. आमच्या वर्गातील मुलांस त्यात काहीच विचित्र वाटले नाही. त्यांच्या आज्या गोवऱ्या विसांनीच मोजतात. चार विसा म्हणजे ऐंशी, हे त्यांनी घरी ऐकलेले होते. शाळेने मात्र ते कधी विचारले नव्हते. आजीचा हिशेब अडाणी आणि फ्रेंचांचा तोच हिशेब सुसंस्कृत, असे तर कोणी म्हणणार नाही ना?

एका शनिवारी आम्ही फळ्यावर 'आई' हा शब्द लिहिला आणि प्रत्येकाने घरी जो शब्द वापरतो तो सांगावा, असे म्हटले. 'माय' आले, 'मम्मी' आले, एका मुलाने 'अम्मी' सांगितले. खिडकीशी एक मुलगी बसत असे, तांड्यावरून येणारी. ती वर्गात क्वचितच बोले. ती हळूच म्हणाली, "याडी." मुले हसली, आम्ही तो शब्द खडूने मोठ्या अक्षरांत लिहिला, आणि त्याखाली फ्रेंचमधील 'मामाँ' लिहिला. पाच शब्द, पाच ओळी. ती मुलगी फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. चार वर्षे ती त्या शाळेत येत होती. तिच्या घरचा शब्द त्या फळ्यावर तोवर लिहिला गेल्याचे तिच्या वर्गशिक्षकांस आठवत नव्हते. त्यानंतरच्या शनिवारपासून ती बोलू लागली, आणि विशेष हे की प्रथम फ्रेंचमध्ये बोलू लागली, मग मराठीत. त्याचे कारण आमच्या मते असे: फ्रेंच सर्वांसच येत नव्हती. त्या अर्ध्या तासात ती कोणाच्याही मागे नव्हती. मराठीच्या तासास मात्र ती पहिल्या दिवसापासून मागे होती, कारण तिच्यासाठी मराठी हीच परकी भाषा होती.

बंधुभगिनींनो, येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. बालवयात परभाषा शिकवावी की नाही, असा वाद आपण घालतो. परंतु मानोरा, मंगरूळपीर या भागांतील तांड्यांवरची शेकडो मुले पहिलीच्या पहिल्या दिवशीच परभाषेच्या वर्गात बसतात, हे आपल्या ध्यानी येत नाही. पोहरादेवीच्या यात्रेत आपण ती भाषा कानांनी ऐकतो, तिची गाणी आपणांस गोड लागतात, आणि शाळेच्या दारात मात्र ती बाहेर ठेवली जाते. आपल्या ज्ञातीतील मुलांचीही स्थिती याहून फार निराळी नाही, फक्त अंतर कमी आहे. 'मले', 'तुले', 'काऊन' हे शब्द घेऊन मूल शाळेत येते, आणि पहिल्या आठवड्यातच त्यास कळते की आपली माय चुकीचे बोलते.

भाषा शिकविण्याची ही रीत फ्रान्सनेही वापरून पाहिली आहे, आणि तिचा इतिहास उद्बोधक आहे. आज आपण फ्रेंच ही फ्रान्सची भाषा असे सहज म्हणतो. परंतु १७९४ साली ग्रेग्वार नावाच्या धर्मोपदेशक लोकप्रतिनिधीने तेथील विधिमंडळापुढे जो वृत्तान्त ठेवला, त्यात शुद्ध फ्रेंच बोलणारांची संख्या तीस लाखांहून अधिक नाही असे म्हटले होते. देशाची लोकसंख्या त्या वेळी अडीच कोटींवर होती. बाकीचे लोक ब्रेतों, बास्क, ओक्सितान, आल्सासची जर्मन अशा भाषा बोलत, किंवा फ्रेंचच्या ग्रामीण बोली बोलत. पुढे १८८१ आणि १८८२ साली ज्यूल फेरी या मंत्र्याच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण निःशुल्क आणि सक्तीचे झाले. ही फार मोठी गोष्ट झाली, यात शंका नाही. परंतु ब्रिटनी प्रांतातील शाळांत घरची भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी खडावेसारखी एखादी वस्तू अडकवीत. तिला 'खूण' म्हणत. त्या मुलाने दुसऱ्या कोणास ब्रेतों बोलताना पकडले की ती त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवस संपता ज्याच्या गळ्यात ती राहील त्यास शिक्षा होई. म्हणजे एका मुलास दुसऱ्यावर हेरगिरी करावयास शिकविले गेले. विसाव्या शतकातही हे काही काळ चालले. १९५१ च्या कायद्याने ब्रेतों, बास्क, कातालान आणि ओक्सितान या भाषांस शाळेत थोडीशी जागा मिळाली; परंतु तोवर दोन पिढ्यांनी आपल्या मुलांशी ती भाषा बोलणे सोडून दिले होते. त्या आईबापांस भाषेचा द्वेष नव्हता. गळ्यातील खडाव त्यांच्या स्मरणात होती, आणि ती मुलांच्या गळ्यात पडू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

आमच्या ओळखीच्या एका घरी, शाळेचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, मराठी शब्द उच्चारल्याबद्दल मुलास दंड होतो, आणि तो दंड घरची मंडळी आनंदाने भरतात. खडाव नाही, एवढाच काय तो फरक.

आता दुसरी बाजू. जी मंडळी बालवयातील परभाषेचा पुरस्कार करतात, त्यांच्यापैकी वाचन असलेले लोक कॅनडाचा दाखला देतात, आणि तो दाखला वजनदार आहे. माँत्रेआल शहराच्या लगत सेंट लँबर्ट नावाची वसाहत आहे. तेथील इंग्रजी बोलणाऱ्या पालकांस असे वाटू लागले की, क्वेबेक प्रांतात राहूनही आपल्या मुलांस फ्रेंच येत नाही, हे योग्य नव्हे. त्यांच्या आग्रहावरून सप्टेंबर १९६५ मध्ये बालवर्गातील मुलांस सारे शिक्षण फ्रेंचमधूनच देण्याचा प्रयोग सुरू झाला. इंग्रजी वाचन दुसऱ्या इयत्तेपासून अल्प प्रमाणात दिले गेले. मॅकगिल विद्यापीठातील वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी टकर यांनी वर्षानुवर्षे या मुलांची परीक्षा घेतली. आरंभी ती इंग्रजी वाचनात किंचित् मागे दिसली, नंतर बरोबरीस आली. गणितात कमी पडली नाहीत. आणि फ्रेंच त्यांस अशी आली की साध्या शाळेत तास-अर्धा तास शिकून ती कधी आली नसती. हे निष्कर्ष १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून जगभर परभाषेच्या माध्यमाचे समर्थक त्यांचा आधार घेतात. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेची जाहिरात करणारा कोणी लँबर्टचे नाव घेत नसेल, पण युक्तिवाद तोच असतो.

पण त्याच लँबर्टने पुढे जे सांगितले ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याने दोन प्रकारची द्विभाषिकता मानली. एकीत दुसरी भाषा पहिलीत भर घालते. दुसरीत दुसरी भाषा पहिलीची वजाबाकी करते. सेंट लँबर्टच्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. तिला बाजारात, कचेरीत, साऱ्या खंडात मान होता. शाळेने तिच्याकडे कितीही दुर्लक्ष केले तरी ती पुसली जाणे शक्यच नव्हते. म्हणून तेथे फ्रेंचने भर घातली. ज्या मुलाच्या घरच्या भाषेस शाळेबाहेरही प्रतिष्ठा नाही, त्यास हाच प्रयोग लावला तर परभाषा येण्यापूर्वीच स्वभाषा ओसरू लागते. रोप एकच असले तरी काळ्या जमिनीत ते एका रीतीने वाढते, आणि मुरमाड जमिनीत दुसऱ्या. शेतकऱ्यांच्या या सभेत हे अधिक विशद करावयास नको.

वजाबाकीचे उदाहरण पाहावयाचे असेल तर आपल्याच मराठी माणसांचे पाहावे. मॉरिशस बेटावर १७१५ पासून १८१० पर्यंत फ्रेंचांची सत्ता होती. इंग्रजांनी ते बेट घेतले खरे, पण तहात तेथील कायदे, चालीरीती व धर्म राखण्याचे मान्य केले. राज्य इंग्रजांचे आणि समाजाची भाषा फ्रेंच, अशी स्थिती तेथे राहिली. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील व घाटावरील मराठी कुटुंबेही होती. आज त्यांच्या वंशजांची मुले प्राथमिक शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा आवश्यक म्हणून शिकतात, आणि मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून घेतात. घरी बहुतेक सारे क्रिओल बोलतात. ही क्रिओल भाषा मळ्यांवर फ्रेंचमधून घडली. पाण्यास तेथे 'दिलो' म्हणतात, घरास 'लाकाझ', पावास 'दिपँ'. मूळ फ्रेंचमधील उपपदे शब्दास कायमची चिकटून हे शब्द झाले आहेत. मळ्यावर कानांनी शिकलेल्या माणसास उपपद कोठे संपते आणि नाम कोठे सुरू होते हे सांगणारा गुरुजी कोठून मिळणार? शाळेत गेलेल्या मुलास पुढे कळते की 'लाकाझ' हे चुकीचे फ्रेंच आहे. वस्तुतः ते बरोबर क्रिओल असते. जवळच्या दोन भाषांतील हा घोटाळा आपल्या 'मले' आणि 'मला' यांच्यासारखाच होय. २०१२ पासून तेथे क्रिओलही प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकविली जाऊ लागली, ही समजूतदारपणाची गोष्ट झाली.

त्या बेटावर गणेश चतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. भजने मराठीत होतात, आरती मराठीत होते. परंतु मराठीतून भांडणारे, मराठीतून मुलास निजविणारे घर तेथे आता दुर्मीळ झाले आहे. यास केवळ शाळा कारण झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. मळ्यावर शेजारी भोजपुरी, तमिळ, तेलुगू बोलणारे, मालक फ्रेंच, सर्वांस सामाईक एकच क्रिओल. परंतु शाळेतील तो एक तास नसता, तर अक्षरओळख तरी राहिली असती की नाही, याची शंका वाटते. म्हणजे एकच वर्गखोली भाषा हिरावणारीही असते आणि भाषा जपणारीही असते.

आपल्या राज्यात काय चालले आहे, ते आपण जाणताच. इ. स. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, त्यावर मोठा क्षोभ झाला, आणि जूनच्या अखेरीस तो मागे घेतला गेला. त्या वादात उतरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच नमूद करावेसे वाटते की, त्या साऱ्या गदारोळात तांड्यावरच्या मुलीची पहिली भाषा कोणती आणि तिच्यासाठी ती तिसरी भाषा खरोखर कितवी, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात फ्रेंच, जर्मन, जपानी आदी भाषांचा उल्लेख आहे, पण तो माध्यमिक स्तरासाठी. आणि शासनाची वाट न पाहता, त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांसच विचारले की तुम्हांस कोणती परदेशी भाषा शिकावयाची आहे. मुलांनी जपानी निवडली, कारण त्यांस यंत्रमानवांचे वेड होते! त्या निवडीतील शहाणपण आम्हांस फार आवडते. भाषेमागे मुलास काहीतरी हवे असले पाहिजे.

तेव्हा कार्यकारिणीच्या प्रश्नास आमचे उत्तर काय? वर्ग सुरू करावा. परंतु आलेली सूचना जशीच्या तशी स्वीकारू नये. पुण्यामुंबईच्या मंडळींनी सुचविलेला वर्ग परीक्षेचा आहे. फ्रेंच सरकारची लहान मुलांसाठी एक प्रमाणपत्र परीक्षा असते, तिची तयारी येथे करून घ्यावी असे त्यांचे म्हणणे. प्रमाणपत्राने घरची मंडळी सुखावतात, हे आम्ही जाणतो. पण पहिली दोन वर्षे तरी हा वर्ग तोंडीच असावा. त्यात गाणे, नमस्कार, अंक, नाती, जेवणातील पदार्थ, सण, आणि फार तर एखादी लहानशी गोष्ट, एवढेच यावे. चौथीखालील मुलांस त्यात घेऊ नये. त्यांचे आपल्या लिपीतील वाचन आधी पक्के व्हावे. शिकविणाराचे फ्रेंच थोडे कच्चे असले तरी चालेल, ध्वनिफिती आता फुकट मिळतात. पण त्यास वऱ्हाडी समजली पाहिजे, आणि मुलाच्या घरच्या शब्दास हसू न देण्याइतका धाक त्याच्या अंगी पाहिजे. प्रत्येक पाठात आजीस विचारून आणावयाचा एक शब्द असावा.

ज्या वडीलधाऱ्यांस शुद्ध मराठीची काळजी वाटते, त्यांस एक गोष्ट आदरपूर्वक सांगावीशी वाटते. हे गाव जेव्हा वत्सगुल्म होते आणि वाकाटकांची राजधानी होते, तेव्हाचा विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट १९३९ साली येथे सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि दानाचा तपशील, म्हणजे ज्याचा लोकांशी संबंध तो भाग, प्राकृतात आहे. एकाच पत्र्यावर दोन भाषा, आणि दोहोंचे काम निरनिराळे. त्याच प्राकृताच्या डौलास या गावाच्या नावावरून 'वच्छोमी' म्हणत, आणि राजशेखरासारख्या पंडितास ती नाव घेण्याजोगी वाटली. लोकांच्या बोलीची लाज या गावास पूर्वी वाटत नसे.

राहिला निधीचा प्रश्न. शिक्षणनिधीची रक्कम मोठी नाही, आणि त्यातून वसतिगृहातील मुलांचे साह्य कमी होता कामा नये, या चिटणिसांच्या मताशी आम्ही सहमत आहो. वर्गास लागणारा खर्च म्हणजे शिक्षकाचे मानधन, एक फळा आणि खडू. जागा मंडळाची आहेच. आम्ही पहिले वर्ष मानधनाशिवाय शिकविण्यास सिद्ध आहो. दुसऱ्या वर्षी कोणी तरुण शिक्षक मिळाल्यास त्याच्या हाती तो वर्ग द्यावा. तांड्यावरची एखादी शिकलेली मुलगी या कामी मिळाली, तर उत्तमच.

यावरून एक अडचण उभी राहते, आणि तिचा उच्चार केल्यावाचून आम्हांस खाली बसता येत नाही. निधीच्या नियमाप्रमाणे त्याचा लाभ ज्ञातीतील विद्यार्थ्यांसच द्यावा असे आहे. तो नियम करणाऱ्यांच्या काळी आपली मुले शाळेत जाणेच दुष्कर होते. त्यांनी ज्या कष्टाने पैसा जमविला, त्याची आम्हांस जाणीव आहे. परंतु आमची मुले ज्या बाकावर बसतात, त्याच बाकावर ती खिडकीशेजारची मुलगी बसते. वर्गात ती नसेल तर 'याडी' हा शब्द फळ्यावर लिहिला जाणार नाही, आणि तो लिहिला गेला नाही तर आमच्या मुलांस 'माय' हा शब्द उच्चारण्याचे धैर्य येणार नाही. त्या पाच महिन्यांत आम्ही हेच पाहिले. ठरावाचा मसुदा आम्ही चिटणिसांच्या हवाली केला आहे. त्यात 'ज्ञातीतील विद्यार्थ्यांसाठी' या शब्दांपैकी पहिला शब्द आम्ही मुद्दाम गाळला आहे, लेखनदोष समजून कोणी तो परत घालू नये. घालावाच असे ज्यांचे मत असेल, त्यांनी चहापानानंतरच्या चर्चेत उठून तसे बोलावे. आम्ही पुढच्याच रांगेत बसलो आहो.